तारेची मान

इस्त्रीची वायर मधोमध तुटलेली कुणी पाहिली आहे? ती तुटते प्लगपाशी, नाहीतर इस्त्रीच्या मुठीतून बाहेर येते तिथे. रायपूरच्या तात्यापारा भागात आमची इस्त्री दुरुस्त करणारे काका वायर दोन बोटांत धरून चाचपत पुढे सरकायचे, एका जागी थांबायचे आणि म्हणायचे, "वायर चांगली आहे, मान गेली." मग चार बोटं वायर कापून टाकायची आणि उरलेली पुन्हा जोडायची, की इस्त्री गरम. कडक प्लग आणि मऊ वायर यांची गाठ पडते ती जागा म्हणजे मान. वायर हलते, प्लग हलत नाही. सगळा वाक त्या बोटभर जागेत जमा होतो आणि आतले केसासारखे तांब्याचे धागे एकेक करत तुटतात.

माणसाच्या हृदयाला बाहेरून वीज पोचवणाऱ्या तारेचं दुखणंही हेच. फरक इतकाच, की तिथे चार बोटं कापून पुन्हा जोडायची सोय नाही. पेसमेकर म्हटलं की आपण छातीत कातडीखाली बसवलेल्या डबीचा विचार करतो, तिची बॅटरी किती वर्षं चालेल ते विचारतो. पण या यंत्राच्या गेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात डबीपेक्षा तारेनंच इंजिनियरांना जास्त छळलं आहे. हृदयाला वीज देणं तसं सोपं आहे, कठीण आहे ते हृदयाबरोबर हलत राहणं.

दोन निळ्या तारा

रायपूर शहराबाहेर, नवा रायपूरमध्ये श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. २०१२ साली ते सुरू झालं. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांवर इथे पैसे न घेता शस्त्रक्रिया होतात, बिल भरायची खिडकीच नाही. छत्तीसगडच्या खेड्यांतून, ओडिशातून, आपल्या विदर्भातूनही आईबाप पोरांना घेऊन इथे येतात. यांतल्या अनेकांना सांगितलेला आजार एकच असतो: "दिल में छेद."

हे छिद्र बहुधा हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात असतं. सर्जन त्यावर ठिगळ शिवतात. कपड्याला ठिगळ लावण्यासारखंच हे काम आहे, पण एक मोठी अडचण आहे. वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांना 'आता आवळा' हा विजेचा निरोप नेणारी स्नायूंची एक बारीक जुडी नेमकी या छिद्राच्या काठानं जाते. तिचा रंग वेगळा नसतो, उघड्या डोळ्यांना ती ओळखू येत नाही. तिची वाट कुठून जाते याचा अभ्यास करूनच सर्जन टाके घालतात. तरी एखादा टाका जवळून गेला किंवा शस्त्रक्रियेनंतर तिथे सूज आली, की निरोप अडतो. वरचे कप्पे आपल्या तालावर आणि खालचे आपल्या, असं होतं. याला 'हार्ट ब्लॉक' म्हणतात. बऱ्याचदा सूज उतरली की तो आपोआप सुटतो, पण मधल्या दिवसांत हृदयाचे ठोके चालू ठेवायला हवेत.

म्हणून हृदयाची मोठी शस्त्रक्रिया संपवून छाती बंद करण्याआधी सर्जन बहुतेक वेळा हृदयाच्या पृष्ठभागावर तात्पुरत्या तारा बसवून ठेवतात. ही तार जवळून पाहण्यासारखी असते. पोलादाच्या अतिशय बारीक धाग्यांचा तो पीळ असतो आणि त्यावर निळसर प्लॅस्टिकचं पातळ वेष्टण. एका टोकाला नखाएवढी वाकडी सुई, दुसऱ्या टोकाला लांब सरळ सुई. वाकडी सुई हृदयाच्या स्नायूतून वरवर ओवून घ्यायची आणि कापून टाकायची. स्नायूत उरतं ते वेष्टण सोललेलं उघडं टोक. सरळ सुई छातीच्या भिंतीतून बाहेर काढायची, तीही मोडून टाकायची, आणि तारेचं टोक बाहेर ठेवलेल्या पेसमेकरला जोडायचं. वरच्या कप्प्याच्या तारा रुग्णाच्या उजव्या अंगानं आणि खालच्या कप्प्याच्या डाव्या अंगानं बाहेर काढायच्या असा जगभरचा रिवाज आहे, म्हणजे मध्यरात्री धावत आलेल्या नर्सला कुठली तार कशाची हे विचारावं लागत नाही.

वीज किती लागते? पेन्सिल सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. टोक नीट बसलेलं असेल तर हृदयाला एखाद्या व्होल्टचा झटका पुरतो, तोही सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरता. एवढ्याशा विजेनं सगळं हृदय आवळतं, कारण तारेला सगळं हृदय चेतवायचंच नसतं. टोकाजवळच्या मूठभर पेशी जाग्या केल्या की पुरे. पहाटे एका कोंबड्यानं बांग दिली की शेजारचा देतो, त्याच्या शेजारचा देतो आणि गावभर आवाज होतो, तसा पेशीपेशींतून निरोप पसरत जातो.

सगळं ठीक असलं तर काही दिवसांनी या तारा हलक्या हातानं ओढून काढतात. त्यानंतर काही तास मुलाला खाटेवर ठेवून मॉनिटरवर नजर ठेवतात, कारण उघडं टोक स्नायूतून सुटताना क्वचित रक्तस्राव होतो. 'क्वचित' म्हणजे कधीच नाही असं नव्हे. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांची ऑगस्ट २०१२ मध्ये बायपास झाली. तात्पुरत्या तारा काढल्यावर आत रक्तस्राव सुरू झाला आणि २५ ऑगस्टला ते गेले. चंद्राहून सुखरूप परतलेल्या माणसाचा घात एका बारीक तारेनं केला.

सदतीस कोटी वेळा

गंमत म्हणजे पेसमेकरच्या तारेचा जन्मही याच छिद्राच्या शस्त्रक्रियेतून झाला. अमेरिकेत मिनियापोलिसला वॉल्टन लिलेहाय हे सर्जन मुलांच्या हृदयातली छिद्रं शिवत आणि काही मुलं हार्ट ब्लॉकनं दगावत. ३० जानेवारी १९५७ रोजी त्यांच्या चमूनं पहिल्यांदा एका रुग्णाच्या हृदयाच्या स्नायूतच तार बसवून ठोके चालू ठेवले. वीज पुरवणारं यंत्र मात्र भिंतीतल्या प्लगवर चाले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शहरात वीज गेली, आणि लिलेहाय यांनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना बॅटरीवर चालेल असं काही बनवायला सांगितलं. बॅकन यांनी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापून आलेलं मेट्रोनोमचं सर्किट घेतलं, म्हणजे संगीत शिकणाऱ्यांसाठी टिकटिक करणारं, आणि थोड्याच आठवड्यांत गळ्यात अडकवता येईल एवढा पेसमेकर तयार केला.

पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोममध्ये ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पूर्ण पेसमेकर बसवला. रूने एल्मक्विस्ट या इंजिनियरनं तो बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ओतून बनवला होता. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं, मग दुसरं बसवलं. लार्सन त्यानंतर २००१ पर्यंत जगले आणि त्यांना आयुष्यभरात २६ पेसमेकर लागले.

त्या काळच्या डॉक्टरांना लवकरच कळलं, की तार ही साधी गोष्ट नाही. हिशेब करून पाहा. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला लाखाच्या वर होतात, वर्षाला साधारण ३ कोटी ६८ लाख आणि दहा वर्षांत जवळजवळ ३७ कोटी. दर ठोक्याला तार थोडी वाकते आणि सरळ होते. घरातली स्टीलची तार हातानं पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे वाकवली की तुटते. हिला ३७ कोटी वेळा वाकायचं आहे, तेही खारट, कोमट पाण्यात, जिथे धातू गंजायला टपलेलाच असतो.

यावरचं उत्तर सगळ्यांच्या घरी होतं. जुन्या काळ्या टेलिफोनच्या रिसीव्हरची गुंडाळीची वायर आठवा. अमेरिकेत बफेलोला विल्यम चार्डॅक आणि विल्सन ग्रेटबॅच यांनी १९६० मध्ये पेसमेकर बसवायला सुरुवात केली. तारा तुटू लागल्या तेव्हा चार्डॅक यांनी प्लॅटिनम-इरिडियमच्या तारेची स्प्रिंग करून ती सिलिकॉन रबरात घातली. सरळ तार वाकली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि सगळा भार एका जागी येतो. स्प्रिंग वाकली की तिचं प्रत्येक वेटोळं जरासं पिळवटतं. एकाचा भार शंभरांत वाटला जातो. आजही पेसमेकरच्या तारेत, म्हणजे लीडमध्ये, आत स्प्रिंगच असते. बहुधा ती निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूची असते आणि वर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचं वेष्टण असतं.

लीडच्या तीन माना

रायपुरात मेकाहारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंबेडकर रुग्णालयाच्या आवारात, टाटीबंधच्या एम्समध्ये किंवा नागपूरला, कुठेही मोठ्या माणसाला पेसमेकर बसतो तेव्हा बहुतेक वेळा छाती उघडत नाहीत. खांद्याखालच्या शिरेतून लीड आत सरकवतात, ती हृदयाच्या कप्प्यात उतरते आणि टोक आतल्या भिंतीला रुतवतात. या वाटेवर तिला तीन ठिकाणी माना आहेत.

पहिली मान गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात आहे. हात वर-खाली केला की हा चिमटा उघडतो आणि मिटतो. म्हणून डॉक्टर शीर निवडतानाच तिथे लीड अडकणार नाही असं पाहतात. बसवल्यावर काही आठवडे तो हात खांद्याच्या वर नेऊ नका, असं सांगतात ते मात्र वेगळ्या कारणासाठी, म्हणजे टोक अजून रुजलेलं नसताना लीड खेचली जाऊ नये म्हणून.

दुसरी मान डबीजवळ आहे. लीड जागची हलू नये म्हणून तिला स्नायूला बांधून ठेवावं लागतं. पण दोरा थेट लीडवर आवळला तर वेष्टणाला काचतो. म्हणून लीडवर सिलिकॉनची एक छोटी, खाचा पाडलेली बाही असते. दोरा त्या खाचांत बसतो आणि काच बाहीवर पडतो. चांगल्या प्लगच्या मानेवर वळ्यावळ्यांची रबरी नळी असते तिचा आणि या बाहीचा उद्देश सारखाच आहे: ताण एका रेघेवर पडू द्यायचा नाही.

तिसरी मान सगळ्यांत अवघड आहे, कारण ती टोकाशी, स्नायू आणि धातू यांच्यामध्ये आहे. हृदयाच्या स्नायूपेक्षा पोलाद लाखो पट ताठ. मऊ स्नायू दर ठोक्याला त्या टोकाला घासतो, शरीर त्याला परका समजतं, सूज येते आणि मग टोकाभोवती व्रणाची पांढरी पापडी धरते. पापडीतल्या पेशी बांग देत नाहीत. जाग्या होणाऱ्या पेशी टोकापासून दूर जातात आणि तेवढंच काम करायला जास्त व्होल्ट लागतात. १९८० च्या दशकात यावर एक साधी युक्ती निघाली. टोकातच सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा कण ठेवायचा, तो हळूहळू पाझरत राहतो. व्रण पातळ राहतो आणि बॅटरी जास्त काळ पुरते.

पेसमेकर तपासायला गेलात तर डॉक्टर डबीवर एक यंत्र ठेवून आकडे वाचतात. त्यांतला एक आकडा लीडच्या रोधाचा असतो. तो एकदम वाढला तर आतली तार कुठेतरी तुटली असावी. एकदम घसरला तर वेष्टण फाटून वीज गळत असावी. आमचे इस्त्रीवाले काका बोटांनी जे चाचपत, तेच इथे ओहममध्ये वाचलं जातं.

वाढत्या अंगाचं माप

आता त्या छिद्रवाल्या मुलाकडे परत जाऊ. सूज उतरली तरी ब्लॉक सुटला नाही, तर त्याला कायमचा पेसमेकर लागतो. तान्ह्या बाळाची शीर इतकी बारीक असते, की त्यातून लीड घातली तर शीरच बुजायची. म्हणून लीड बाहेरून हृदयाच्या पृष्ठभागावर शिवतात आणि डबी पोटाच्या स्नायूखाली ठेवतात. शिवाय बाळ वाढणार आहे. आई लेकराचा फ्रॉक शिवताना आत कापड दुमडून ठेवते, तसं सर्जन लीडचं वेटोळं आत सैल सोडून ठेवतात. मूल उंच होतं तसं वेटोळं उलगडतं. पण लीडला मुळात ताणता येत नाही, सोडून ठेवलेली लांबी संपली की संपली. म्हणूनच ताणता येईल आणि हृदयासारखाच मऊ असेल अशा इलेक्ट्रोडचा, म्हणजे हृदयाला टेकणाऱ्या वीजवाहक टोकाचा, शोध मुलांच्या डॉक्टरांना सगळ्यांत जवळचा वाटतो.

धातू मऊ कसा करायचा? पहिली वाट पातळ करण्याची. वहीचा एक मिलिमीटरचा पुठ्ठा आणि तिचं पान दोन्ही एकाच जातीच्या लगद्याचे. पान दहापट पातळ आहे, पण वाकायला ते हजारपट सोपं आहे, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. सिलिकॉनची चिप काचेसारखी ठिसूळ, पण ती केसाच्या अंशाइतकी पातळ करून प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर चढवली, की दुधावरच्या सायीसारखी ओल्या पृष्ठभागावर पसरते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी २८८ इलेक्ट्रोडचा असा पापुद्रा डुकराच्या धडधडत्या हृदयावर ठेवला. तो ओलाव्यानंच चिकटून राहिला आणि विजेची लाट हृदयावरून कशी सरकते याचा नकाशा त्यानं काढला.

पण साय वाकते, ताणली की फाटते. हृदयाचा पृष्ठभाग दर ठोक्याला पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत लांबतो, आखडतो, आणि धातूचा पापुद्रा एक-दोन टक्क्यांतच चिरतो. त्यावर उपाय आकाराचा. दिवाळीत आकाशकंदील करताना घोटीव कागदाला एकाआड एक काप देतात आणि मग तो कागद जाळीसारखा लांब ओढतात. कागद ताणला गेला नाही, फक्त काप उघडले. तसंच सोन्याची पट्टी सरळ न ठेवता नागमोडी ठेवायची, म्हणजे ती वळणं उलगडत लांबते. २०१४ मध्ये जॉन रॉजर्स आणि इगोर एफिमोव्ह या संशोधकांच्या चमूंनी सशाच्या हृदयाचं माप घेऊन त्याला मोज्यासारखा घट्ट बसणारा असा लवचीक पडदा तयार केला.

तिसरी वाट पदार्थच बदलण्याची. २०१६ मध्ये सोलच्या संशोधकांनी चांदीचे अतिसूक्ष्म धागे रबरात मिसळले, त्या रबराची जाळी केली आणि हृदयविकाराचा झटका आलेल्या उंदरांच्या हृदयाभोवती ती गुंडाळली. रबर ताणलं तरी धागे एकमेकांना टेकलेले राहतात आणि वीज वाहते. या जाळीची आणखी एक बाजू आहे. टोकाची तार एका बिंदूतून बांग देते. जाळी एकाच वेळी हृदयाला चहूकडून चेतवते, त्यामुळे दमलेलं हृदय एकसंध आवळतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रश्न सुटला. पण जाळीला वीज कुठून येणार? बॅटरीतून, आणि बॅटरी कडक. मऊ जाळी आणि कडक डबी यांची गाठ कुठेतरी पडतेच, आणि तिथे पुन्हा मान तयार होते. इलेक्ट्रोड जितका मऊ, तितकी ही मान नाजूक. म्हणून या क्षेत्रातलं पुष्कळ डोकं आता इलेक्ट्रोडपेक्षा जोडावर खर्च होतं. मऊपासून कडकाकडे पायरीपायरीनं जायचं, जाळीनंतर थोडं घट्ट रबर, मग त्याहून घट्ट, मग धातू. प्लगवरच्या वळ्यांच्या नळीचाच हा विस्तार आहे.

धानाच्या दाण्याएवढं

याहून अगदी वेगळी वाट म्हणजे तारच काढून टाकण्याची. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला बिनतारेचा पेसमेकर मोठ्या कॅप्सूलएवढा आहे, वजनाला दोन ग्रॅमच्या आत. मांडीच्या शिरेतून तो थेट खालच्या कप्प्यात नेऊन ठेवतात. मोठ्या माणसांना तो चालतो, पण तान्ह्या बाळाच्या हृदयात मावायला फार मोठा पडतो.

नवा रायपूरच्या त्या रुग्णालयातल्या वॉर्डसाठी कामाचं आहे ते वेगळंच यंत्र. तात्पुरता पेसमेकर काही दिवसच हवा असतो, मग काम संपल्यावर तो आपोआप विरघळून का जाऊ नये? शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले रॉजर्स आणि त्यांचे सहकारी एफिमोव्ह यांनी २०२१ मध्ये असा पेसमेकर दाखवला. अर्ध्या ग्रॅमहून हलका, पातळ, वीज बाहेरून रेडिओ लहरींनी घेणारा, पाच ते सात आठवड्यांत शरीरात विरून जाणारा. २०२५ मध्ये त्यांनी तो आणखी लहान केला: साडेतीन मिलिमीटर लांब, १.८ मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड. छत्तीसगडला 'धान का कटोरा' म्हणतात. या कटोऱ्यातल्या तांदळाच्या दाण्यापेक्षाही हे यंत्र लहान आहे आणि ते सुईनं आत सोडता येतं.

शाळेत लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खुपसून वीज तयार केल्याचं आठवतं? या दाण्यावर तसेच दोन वेगळे धातू आहेत आणि लिंबाच्या रसाऐवजी शरीरातलं खारट पाणी. ते भिजलं की बॅटरी झाली. चालू-बंद करायला छातीवर एक मऊ चिकटपट्टी लावायची. ठोका चुकला की पट्टी अवरक्त प्रकाश टाकते, तो कातडी-हाडांतून आत पोचतो आणि दाणा झटका देतो. ओढून काढायची तार नाही, म्हणून ओढताना होणारा रक्तस्रावही नाही. आतापर्यंत हे प्राण्यांवर आणि दात्यांकडून मिळालेल्या मानवी हृदयांवर तपासलं गेलं आहे. वॉर्डात आज त्या निळ्या तारांचाच वापर होतो, आणि काळजीपूर्वक वापरल्या तर त्या आपलं काम चोख करतात.

या दाण्याचं चित्र पाहिलं तेव्हा मी नकळत त्याची मान शोधू लागलो. प्लग नाही, वायर नाही, बाही नाही. पण दोन कडक धातूंची टोकं धडधडत्या स्नायूला जिथे टेकतात, तिथे ती बारीकशी एक रेघ आहेच. काका असते तर त्यांचं बोट तिथेच थांबलं असतं. फरक एवढाच, की ही मान दहा वर्षं टिकायची गरज नाही. मुलाची सूज उतरेपर्यंत टिकली की पुरे, पुढे ती स्वतःच विरघळणार आहे.